चार बोटांवरचं

"तुम्हाला लांबचं दिसायला हवंय की जवळचं?" असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा आधी मला वाटलं, या माझी गंमत करताहेत. त्यांचा चेहरा बघून खात्री करून घ्यावी, तर माझा चष्मा त्यांच्याच टेबलावर पडलेला. आवाजावरून मात्र बाई गंभीर वाटत होत्या.

"दोन्ही," मी म्हटलं.

"दोन्ही नाही जमत. म्हणजे तसलं भिंग मिळतं, पण तुमच्यासारख्या डोळ्याला मी ते बसवणार नाही. दिव्यांभोवती कडी दिसतात, चित्र फिकं पडतं. तुम्ही एक अंतर ठरवा. त्या अंतरावरचं स्वच्छ दिसेल, बाकीच्याला चष्मा."

मी विचारात पडले. एवढ्यात माझ्या डाव्या बाजूचा निळा ढग, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "अगं, लांबचं घे ना! जवळचं तुला दिसतंच की."

हे वाक्य इतकं सरळ, इतकं पटण्यासारखं होतं, की मी लगेच मान डोलावली. त्याच वेळी डॉक्टरीणबाईंचा फोन वाजला. त्यांनी फोन घेता घेता "मग जवळचं वाचायला चष्मा लागेल हं," असं सांगितलं, आणि आम्ही दोघांनीही ते ऐकलं. ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही. पण दुकानदार जसं 'वस्तू बघून घ्या, नंतर तक्रार चालणार नाही' असं सगळ्यांनाच म्हणतो, तसं त्या सवयीनं म्हणत असतील, असं आम्हाला वाटलं.

आता माझ्या डोळ्यांबद्दल थोडं सांगायलाच हवं. माझा नंबर उणे पंधरा. ज्यांना हे आकडे कळत नाहीत त्यांनी एवढंच समजावं, की चष्मा काढून मी हात लांब केला, तर बोटं माझीच आहेत हे मला विश्वासावर घ्यावं लागतं. पण तेच बोट नाकाशी आणलं, डोळ्यापासून चार बोटं अंतरावर, की त्यावरच्या रेघा मला अशा दिसतात की शेतातल्या नांगराच्या तासांसारख्या मोजाव्यात. आणि त्या चार बोटांवरच माझं पोट आहे. मी रफू करते. कुणाकडे शिकायला गेले नाही. फाटलेलं कापड चष्मा काढून डोळ्याशी धरायचं आणि धागा कुठून आला, कुठं जात होता, हे बघत बसायचं, एवढीच माझी शाळा. लोकांना त्यासाठी भिंगं लागतात. मला देवानं ती आतच बसवून दिली होती. मोबदल्यात उरलेलं जग काढून घेतलं होतं, एवढंच.

थोडक्यात, माझ्या आयुष्याचा एकच कायदा होता. दिसत नसेल, तर जवळ आणा.

मग ऑपरेशनचं खूळ कशाला, असं कोणीही विचारेल. त्याचं असं झालं, की नवा चष्मा करायला गेले, तर चष्मेवाला म्हणाला, "ताई, याच्यापुढं काच नाही, खिडकीच बसवावी लागेल." आणि त्याच आठवड्यात जिन्याच्या कठड्यावर कोणीतरी वाळत घातलेल्या रेनकोटला मी "कधी आलात? आत या ना," असं म्हटलं. नुसतं म्हटलं असतं तर निभावलं असतं. तो आत येईना म्हणून मी आग्रह केला. हे सगळं टाकीवाल्या काकूंनी पाहिलं. इमारतीच्या पाण्याच्या टाकीची किल्ली त्यांच्याकडे असते, म्हणून हे नाव. पाणी दिवसातून एकदा सोडतात, बातम्या मात्र दिवसभर.

तर पुन्हा दवाखान्यात. फोन झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. डोळ्यातलं मूळ भिंग काढायचं, त्या जागी माझ्या मापाचं दुसरं बसवायचं. आधी उजवा डोळा, मग डावा.

"गॅरंटी किती वर्षांची?" ह्यांनी विचारलं. हे पाण्याच्या मीटरच्या खात्यात आहेत. आत काही बसवायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच.

"भिंग आयुष्यभर टिकतं."

"कोणाच्या आयुष्यभर?"

"अहो!" मी म्हटलं.

"भिंगाचा प्रश्न नसतो," बाई म्हणाल्या. "काही वर्षांनी त्याच्यामागची पातळ पिशवी गढूळ होते, ती लेझरनं साफ करता येते. खरी काळजी पडद्याची. इतक्या नंबरचा डोळा आतून लांबट असतो, ताणलेला. त्यामुळे मागचा पडदा पातळ. ऑपरेशननंतर तो फाटायचा, सुटायचा धोका वाढतो. आज नाही, तर चार-पाच वर्षांनी, दहा वर्षांनीसुद्धा. वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके एकदम वाढले, किंवा बाजूनं सावली सरकत आली, तर त्याच दिवशी यायचं. दुसऱ्या दिवशी नाही. आणि तसं काही नसलं तरी दरवर्षी तपासणी."

"किती वर्षं?"

"कायम."

म्हणजे चष्म्याशी काडीमोड घेऊन मी या बाईंच्या घरात नांदायला जाणार होते.

यानंतर विमा कंपनीनं उडी घेतली. त्यांचं पत्र आलं, की चष्मा घालवण्याची शस्त्रक्रिया हा सौंदर्यवर्धनाचा उपचार असल्यामुळे खर्च देता येत नाही. सासूबाईंनी ते ह्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहत म्हणाल्या, "अगं, मग आधी दातांचं बघायचं होतंस."

मला हे पत्र लागलं. जन्मात कधी कुणी माझ्यावर सौंदर्याचा आरोप केला नव्हता, आणि आता केला तो असा, सहीशिक्क्यानिशी. मी ह्यांना घेऊन तडक त्यांच्या ऑफिसात गेले. काउंटरमागचा माणूस कागद चाळत म्हणाला, "मॅडम, चष्म्यानं काम भागतंय ना? मग ही हौस झाली."

"भागतंय का ते तुम्हीच बघा," मी म्हटलं, आणि चष्मा काढून त्याच्या हातात दिला. माझ्या मनात त्यानं तो नुसता तोलून बघावा असं होतं. त्यानं घातला. घातला आणि तसाच उठून उभा राहिला. मागून ह्यांनी सांगितलं ते असं, की त्यानं आधी टेबल धरलं, मग टेबलावरचा पंखा धरला, मग "अरे बापरे, आपण किती उंचावर आहोत!" असं म्हणून खाली फरशीवर बसला. कार्यालय तळमजल्यावर होतं. दोघांनी धरून त्याला खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं. सावरल्यावर त्यानं डोळे मिटूनच शिक्का मारला. कुठल्या खान्यात मारला देव जाणे, पण मंजुरी आली.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला ह्यांना मी चष्म्याशिवाय पाहिलं. अख्खे. कडेसकट. शर्टाचं वरचं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं होतं, आणि ते मीच शिवलं होतं. मला रडू यायला लागलं, तशी नर्स ओरडली, "रडायचं नाही, ड्रॉप घातलेत!"

घरी आले आणि घर दिसलं. हा भाग डॉक्टरीणबाईंनी धोक्यांमध्ये सांगायला हवा होता. पंख्याच्या पात्यांवर मिशा होत्या. छताच्या कोपऱ्यात कोळ्यांच्या तीन पिढ्या सुखानं नांदत होत्या. मी "अगं बाई, केवढी ही जळमटं!" म्हटलं, आणि सासूबाई दुपारभर माझ्याशी बोलल्या नाहीत, कारण त्यांच्या मते ती माझ्या डोळ्यांवर नव्हे, त्यांच्या हातपायांवर टीका होती.

संध्याकाळी त्यांनी औषधाची बाटली पुढं केली. "ही सकाळची का रात्रीची बघ गं."

मी बाटली घेतली आणि नेहमीप्रमाणे नाकाशी आणली. नव्या डोळ्याची परीक्षा म्हणून डावा मिटला. उजव्या डोळ्यानं बघते तर अक्षरांचा चिखल. म्हणून आणखी जवळ आणली. चिखल दाट झाला. आणखी जवळ आणली, तर बाटली भुवईला लागली.

"काय झालं?" हे म्हणाले.

"अहो, जवळचं दिसत नाहीये!"

"लांब धर की."

"लांब?" मी म्हटलं. मला कळेचना. एखाद्याला 'भूक लागलीये ना, मग ताट सरकव' म्हणावं, तसं ते वाटलं. तरी हात लांब केला. अक्षरं जरा सुधारली. अजून लांब केला. अजून. मग हात संपला.

तेव्हा मला 'जवळचं वाचायला चष्मा लागेल' या वाक्याचा अर्थ लागला. जवळचं तुला दिसतंच की, असं जे आम्ही गृहीत धरलं होतं, ते ज्या भिंगामुळे दिसत होतं तेच काढून टाकलं होतं! हे ह्यांनाही त्याच क्षणी कळलं असावं, कारण ते एकदम पाण्याची बाटली भरायला उठले. ती भरलेलीच होती.

डाव्या डोळ्याला अजून जुनाच नंबर. मग चष्मेवाल्यानं जुन्या चष्म्याची उजवी काच काढून दिली. तो घातला आणि मला दोन नवरे दिसायला लागले. उजव्या डोळ्यातले मोठे आणि डाव्या काचेतले लहान, त्यांच्या खांद्याशी उभे. दोघं एकदमच बोलायचे. का कुणास ठाऊक, लहान मला जास्त समजूतदार वाटायचे. मी उत्तरं त्यांनाच द्यायला लागले.

"अगं, इकडं बघ ना," मोठे म्हणायचे.

"थांबा हो, त्यांचं होऊ दे."

डॉक्टरीणबाईंनी तो चष्मा काढून टाकायला लावला. म्हणाल्या, डोळे एकमेकांशी जुळत नाहीत, दुसरं ऑपरेशन लवकर उरकू. इथं मात्र मी अडून बसले. कारण एक गोष्ट मी कुणाला न सांगता करून पाहिली होती. उजव्या डोळ्यावर कापसाची घडी बांधायची, चष्मा काढायचा, आणि कापड डाव्या डोळ्याशी आणायचं. चार बोटांवर. तिथं माझं जग जसंच्या तसं होतं. एकेक धागा दोरखंडासारखा. तो डोळा दिला, की रफू संपलं.

"दुसरं भिंग जवळचं बसवू," बाई म्हणाल्या. "वीतभर अंतरावरचं दिसेल. वरून भिंगाचा चष्मा लावा."

"मला चार बोटांवरचं लागतं."

"ताई, चार बोटांवर कोणी जगत नाही."

"मी जगते," मी म्हटलं.

इतकं ठणकावून मी त्याआधी फक्त त्या रेनकोटशी बोलले असेन.

इमारतीत यावर दोन पक्ष पडले. टाकीवाल्या काकू म्हणाल्या, "करून टाक बाई. एक करून ठेवायचं म्हणजे एका पायात बूट घालून हिंडायचं." सासूबाई म्हणाल्या, "आहे तो राहू दे. मोडकळीला आलेल्याला हात लावू नये." हे कधी ह्या पक्षात, कधी त्या. 'लांबचं घे' म्हणाले ही आपली चूक, हे त्यांनी मनाला फार लावून घेतलं होतं. त्यामुळे मी काहीही म्हटलं तरी ते "तू म्हणशील तसं" म्हणायचे, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांच्या हेकेखोरपणाची आठवण यायला लागली.

मी ठरवणं लांबवत राहिले. तेवढ्यात एका ट्रंपेटवाल्याचा कोट आला. काळा, खिशापाशी सिगारेटनं पाडलेलं भोक. काळ्यावर काळं रफू म्हणजे आमच्या धंद्यातली खरी परीक्षा. उजव्या डोळ्यावर घडी बांधून मी तो धरला, आणि दुपार कशी गेली कळलं नाही.

उजेड उतरायला लागला, तेव्हा कोटाच्या कडेला काहीतरी चमकलं.

"अहो, ट्यूब लुकलुकतेय."

ह्यांनी वर पाहिलं. "नाही बुवा."

पुन्हा चमकलं. "आत्ता! आत्ता बघा."

"स्टार्टर गेला असेल," हे म्हणाले. त्यांच्या आवाजात मी कित्येक दिवसांत न ऐकलेला उत्साह होता. शेवटी घरात असं काही बिघडलं होतं, जे त्यांना दुरुस्त करता येत होतं. स्टूल आणलं. स्टार्टर बदलला. चमकतच होतं. ट्यूब बदलली. तरी चमकतच. आवाजानं टाकीवाल्या काकू आल्या. म्हणाल्या, "वायरिंगमध्ये पाणी मुरलंय. वरच्यांच्या मोरीचं." सासूबाईंचं मत पडलं, "जेवली नाहीये ती. रिकाम्या पोटी चमकतंच." मी म्हटलं, कोटावर काळा कचराही पडतोय, ट्यूबवरचाच असेल, आणि फुंकर मारली. कचरा हलला, पण पडला नाही. मी मान फिरवली, तर माझ्यामागून आला.

"मेन स्विच बंद कर रे," काकू ह्यांना म्हणाल्या, "शॉक बसेल."

ह्यांनी मेन बंद केला आणि पुन्हा स्टुलावर चढले. घर अंधुक झालं. पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला.

"आता कसं वाटतंय?" हे वरून म्हणाले.

"अजून चमकतंय," मी म्हटलं.

हे स्टुलावर हातात ट्यूब धरून तसेच उभे राहिले. मग आमच्या दोघांच्या लक्षात एकदमच आलं असावं. हे इतक्या घाईनं उतरले, की ट्यूब सासूबाईंच्या हातात देऊन मोकळे झाले. सासूबाई ती काठीसारखी धरून म्हणाल्या, "अरे, चप्पल तरी घाल!"

रिक्षात घडी काढून मी एकदा उजवा डोळा मिटायची, एकदा डावा, आणि प्रत्येक वेळी मला वाटे, माझी चूक होतेय. "कुठला?" हे विचारत होते. "नव्या डोळ्यात आहे ना?"

"नव्यात नाही हो. जुन्यात आहे."

"नीट बघ."

"तेच तर करतेय!"

जुन्यातच होतं. ज्या डोळ्याला मी ऑपरेशनपासून वाचवून ठेवलं होतं, त्याच्याच पडद्याला चीर गेली होती. डॉक्टरीणबाई जायला निघाल्या होत्या, त्या परत खुर्चीत बसल्या. डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ पाहत राहिल्या.

"पण याला तर हातही लावला नव्हता!" मी म्हटलं.

"इतक्या नंबरच्या डोळ्याला कोणी हात लावायची गरज नसते. ऑपरेशननं धोका वाढतो, न केल्यानं संपत नाही."

"मग करायचं होतं की नव्हतं?"

"तेही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. मला त्या क्षणी त्या फार आवडल्या. एवढ्या दिवसांत माझ्याइतका गोंधळ कबूल करणारं दुसरं माणूस भेटलं नव्हतं.

चिरेभोवती लेझरचे टाके घातले. मला ते हिरवे हिरवे दिसत होते, एकापुढे एक, चिरेला वळसा घालून. चीर पुढं पसरू नये म्हणून कडेनं टाके घालायचे असतात, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी हनुवटी टेकवून श्वास रोखून बसले होते आणि मनात म्हणत होते, बाई, घाई करू नकोस, ओळ सोडू नकोस.

"आज आलात म्हणून," झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

टाके धरले आहेत. दुसरं ऑपरेशन तूर्त नाही. बाहेर जाताना डाव्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स घालायची, म्हणजे नवरा एकच दिसतो. डोळे कोरडे असल्यानं ती दोन-तीन तासांपलीकडे सहन होत नाही, पण तेवढ्यात बाजार होतो. घरी आलं की काढायची आणि कामाला बसायचं. उजवा डोळा रस्त्याचा, डावा कापडाचा. "बरं, जगा चार बोटांवर," बाई म्हणाल्या, "पण दर तीन महिन्यांनी मला दाखवायचं. दोन्ही डोळे." डावा किती वर्षं असा राहील, उजव्याचं पुढं काय, हे त्यांना ठाऊक नाही. मला तर नाहीच. ट्रंपेटवाल्याचा कोट मी पुरा केला. भोक कुठं होतं ते त्याला सापडलं नाही, आणि थोडा वेळ मलाही.

एक अडचण मात्र राहिली. जेवायच्या टेबलाचं अंतर. ते उजव्या डोळ्याला फार जवळ आहे आणि डाव्याला फार लांब.

"म्हणजे मी समोर बसलो की तुला कसा दिसतो?" परवा ह्यांनी विचारलं.

"धुरकट."

"तरी पण?"

"रागावल्यासारखे."

"हसतोय मी."

"असाल."

त्यांनी खुर्ची मागं सारली आणि सरळ दारापर्यंत जाऊन उभे राहिले. "आता?"

दारातून अगदी स्वच्छ दिसत होते. फोटोला हसतात तसे, सगळे दात दाखवून. "आता हसताय," मी म्हटलं.

"जेवणार आहात का दोघं, का मी झाकून ठेवू?" सासूबाई म्हणाल्या.

हे परत आले. पण बसले नाहीत. माझ्या खुर्चीशी येऊन वाकले, आणि चेहरा माझ्या डाव्या डोळ्याशी आणला. अगदी चार बोटांवर. "आणि आता?"

चार बोटांवर अख्खा माणूस मावत नाही. मला फक्त एका डोळ्याचा कोपरा दिसला. तिथली पापणी थरथरत होती, आणि खालच्या कडेला पाणी येऊन थांबलं होतं. हसत बिसत काही नव्हते. त्या संध्याकाळी घाबरून स्टुलावरून उतरलेला तो माणूस अजून जमिनीवर पोचलाच नव्हता.

"हसताय," मी म्हटलं. "बसा आता, जेवण निवतंय."